कोयनेत आज किती जागा रिकामी आहे?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी पलूस तालुक्यातला, नदीकाठचा. जुलै लागला की आमच्या गावात सकाळी चहाच्या आधी दोन आकडे बघतात: कोयना धरणात किती टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) झालं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी आहे. पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात पाणी तुळईच्या चार बोटं खाली थांबलं होतं. वडिलांनी त्या रेषेवर खिळा ठोकून ठेवलाय. तीनदा चुना मारला, पण भिंतीवरचा गाळाचा पट्टा प्रत्येक पावसाळ्यात ओल धरून पुन्हा वर येतो.

मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर बातमी फिरली, ‘कोयना ८० टक्के भरली’. खाली नमस्काराची आणि आनंदाची चित्रं. त्यात चूक काही नाही, धरण भरलं की आनंद होणारच. पण मला त्या ८० टक्क्यांतून काहीच कळत नाही. ऑगस्टच्या अखेरीला ८० टक्के असेल तर चिंता वेगळी, जुलैच्या मध्याला असेल तर वेगळी.

म्हणून मी हिशेब उलटा करायला लागलोय. कोयनेची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी. आज समजा ८५ असेल, तर जागा उरली २० टीएमसी. वरून आवक एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट असेल, तर चोवीस तासांत ८.६४ टीएमसी पाणी येतं. म्हणजे सव्वादोन दिवसांत धरण काठोकाठ. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडलं, असं आपण रोज वाचतो. ते दिवसभरात ०.१८ टीएमसी होतं. एवढ्या पावसात त्यानं काही हलत नाही. मग सहा वक्र दरवाजे उचलायचेच, आणि नेमकं तेव्हाच धोम, कण्हेर, उरमोडी, तारळीचं पाणीही खाली येत असतं, वारणा भरून वाहत असते.

(ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी. एवढं एक गणित पाठ केलं तरी बातमी वाचायला येते.)

माझं म्हणणं एवढंच आहे. आकडे देणाऱ्यांनी ‘किती भरलं’ याच्या शेजारी ‘किती रिकामं आहे आणि या आवकेला किती तास पुरेल’ हे लिहावं. आणि १५ ऑगस्टच्या आत धरण भरायची घाई का असते, हे इथल्या जाणकारांनी मला नीट सांगावं. मला भांडायचं नाही, समजून घ्यायचंय.


पोफळीकर | सोमवार, रात्री ११.०२

घाई का असते ते सांगतो. माझी एकतीस वर्षं वीजगृहात गेली, तेव्हा बाजू थोडी विजेची येईल, सांभाळून घ्या.

कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पाऊस पडतो चार महिने, वीज लागते बारा महिने. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी दिलंय. तेवढ्यातच सगळं वर्ष काढायचं. म्हणून धरणावरच्या माणसाला सप्टेंबरअखेर भरलेला जलाशय दिसला नाही तर झोप लागत नाही.

आता हे पाणी पश्चिमेलाच का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकला ती पूर्वेकडे वळते. त्या वळणाच्या पलीकडे डोंगर उतरला की कोकण, जवळजवळ पाचशे मीटर खाली. धरणाच्या पायथ्याला पाणी सोडलं तर फार तर ऐंशी मीटरची उडी मिळते. तेच पाणी भुयारातून कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहाकडे सोडलं तर पाच-सहा पट. ढोबळ हिशेबानं एका टीएमसीपासून पोफळीला सव्वातीन कोटी युनिट होतात. पायथ्याला त्याच पाण्याचे अर्धा कोटीच्या आसपास. शिवाय पोफळीचं आणि प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं वापरलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि तिथून अलोऱ्याला पुन्हा एकदा वीज देतं. पोफळीचा पहिला-दुसरा टप्पा ६००, अलोऱ्याचा तिसरा ३२०, चौथा १,००० आणि पायथा ४०, असे मिळून १,९६० मेगावॅट.

पण मेगावॅटपेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे. कोळशाचा संच थंड असला तर तापून भार घ्यायला कित्येक तास जातात. आमच्याकडे भारप्रेषण केंद्राचा (कुणी किती वीज द्यायची ते सांगणाऱ्या कार्यालयाचा) फोन आला की मिनिटांत संच भारावर. संध्याकाळी सात वाजता महाराष्ट्रभर दिवे, मोटारी, पंखे एकदम लागतात. तो उंचवटा कोयना उचलते. सगळं ग्रिड अंधारात गेलं तर बाहेरची वीज न घेता उठू शकणारं यंत्र पाण्याचंच.

भूमिगत वीजगृहात पहिल्यांदा उतरलो तेव्हाचं अजून आठवतं. डोंगराच्या पोटात बोगद्यातून गाडी आत जाते आणि आधी कानाला कळतं. नोझल उघडला की पेल्टन चक्राच्या वाट्यांवर पाणी आदळतं, तो आवाज कानापेक्षा तळपायांना जास्त जाणवतो. पुढे पुढे मला फरशीवर उभं राहून कोणता संच चालू आहे ते ओळखता यायचं.

आणि १३ मार्च १९९९ चं लेक टॅपिंग. जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून भुयार नेलं, शेवटचा खडकाचा बूच ठेवला आणि तो स्फोटानं उडवला. आशियातलं तसलं पहिलं काम. २०१२ च्या एप्रिलमध्ये दुसरं झालं. उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावरही चौथ्या टप्प्याला पाणी घेता यावं, म्हणून हा खटाटोप.


खरडछाटणी | मंगळवार, सकाळी ६.४८

मी कवठेमहांकाळ भागातला द्राक्षवाला. कृष्णाकाठ दादा, तुमच्या घरातला खिळा वाचून पोटात कालवलं. तरीही दुसरी बाजू मांडतो.

एप्रिलमध्ये आमची खरड छाटणी असते. वेलीवर पान नाही, वर ऊन ४० अंश, आणि पुढच्या वर्षीची काडी त्याच दिवसांत तयार होणार. तेव्हा आम्ही ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांकडे डोळे लावून बसतो. कृष्णेत पाणी असलं तर पंप उचलणार, आणि उन्हाळ्यात कृष्णेत पाणी येतं ते बऱ्याच अंशी कोयनेतून. जलाशय पुरासाठी मोकळा ठेवला आणि परतीचा पाऊस आलाच नाही, तर मार्चमध्ये आम्ही टँकर लावू. बाग टँकरवर जगवलेली आहे मी, दोन वर्षं. एक बाग नाही जगली.

तेव्हा ‘धरण रिकामं ठेवा’ असं सरसकट कुणी म्हणू नका, हात जोडतो.


कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

खरडछाटणी भाऊ, मी सरसकट म्हणतच नाही. तारखेप्रमाणे म्हणतोय. प्रत्येक धरणाची परिचालन सूची असते, म्हणजे अमुक तारखेला पाणी अमुक पातळीपर्यंतच असावं असं ठरलेलं. जुलैअखेर एवढी जागा, ऑगस्टच्या मध्याला एवढी, सप्टेंबरात काठोकाठ. ती पाळली तर तुमचा एप्रिल आणि माझा ऑगस्ट दोन्ही बऱ्यापैकी सांभाळले जातात. पंचाईत अशी की ती रेषा गावातल्या माणसाला कधी दिसतच नाही. रोजच्या आकड्याशेजारी ‘आज सूचीप्रमाणे एवढं हवं होतं’ एवढा एक रकाना हवा.


पोफळीकर | मंगळवार, सकाळी ८.०५

रकाना हवाच, पटलं. फक्त एक भर. सूचीच्या वर पाणी गेलं म्हणजे लगेच दरवाजे उघडता येतात असं नाही. खाली कृष्णा आधीच फुगलेली असेल तर उलट पाणी धरून ठेवावं लागतं. धरणानं दोन दिवस पूर अडवला, ते कुणाला दिसत नाही. तिसऱ्या दिवशी दरवाजे उचललेले मात्र सगळ्यांना दिसतात. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी, कोरड्या दिवसांत, अंदाज बघून थोडं थोडं सोडणं हाच खरा उपाय. त्यासाठी अंदाजावर भरवसा ठेवण्याचं धाडस लागतं, कारण सोडलेलं पाणी परत येत नाही.


नवखी | मंगळवार, दुपारी १.२०

मी पुण्यात शिकते, आजोळ पाटणला. प्रश्न बाळबोध वाटेल. धरणाच्या भिंतीतून पाणी गळतंय असा एक व्हिडिओ आला आणि आजी दोन रात्री झोपली नाही. तिनं ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाहिलाय, पहाटे सव्वाचारच्या सुमाराचा. ती म्हणते, आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि मग कौलं. धरण खरंच सुरक्षित आहे का?


गॅलरीतला | मंगळवार, दुपारी ३.४५

बाळबोध मुळीच नाही, हाच प्रश्न विचारायला हवा. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर शाखा अभियंता होतो, आता निवृत्त.

आधी गळतीचं. दगडी किंवा काँक्रीटच्या प्रत्येक धरणात पाणी पाझरतंच. म्हणून भिंतीच्या आत, पायाजवळ, गॅलरी ठेवलेली असते. अरुंद बोळ, पायऱ्या शेवाळलेल्या, भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ, खाली बारीक गटार. गटाराच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची पट्टी, शेजारी मोजपट्टी. खाचेतून किती उंचीनं पाणी वाहतं यावरून सेकंदाला किती लिटर पाझर ते निघतं. कर्मचारी बॅटरी घेऊन उतरतो, आकडा वहीत लिहितो. मी स्वतः अशा वह्या वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. पाझर आहे का, हे आम्ही कधी विचारत नव्हतो. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला का, आणि पाणी गढूळ येतंय का, हे विचारत होतो. स्वच्छ आणि स्थिर पाझराला भ्यायचं कारण नाही. गढूळ आणि वाढता असेल तर रात्री साहेबांना उठवायचं.

आता १९६७. कोयना धरण रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवलेले. पायापासून उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर. त्या काळच्या रीतीप्रमाणे भूकंपाचा भार गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. त्या पहाटे धरणातल्या यंत्रानं ०.४९ नोंदवला, जवळपास दहापट. सांडव्याच्या (जादा पाणी सोडतात त्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या, आणि त्या बरोबर जिथं मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर. धरण मात्र उभं राहिलं. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पण ती घरं पडून. धरण फुटून नाही. आजींना हे जरूर सांगा.

नंतर भेगा भरल्या, वरून खालपर्यंत पोलादी केबल ताणून बसवल्या आणि मागच्या बाजूला काँक्रीटचे भक्कम टेकू उभारले. ते काम १९७३ पर्यंत झालं. सांडव्याचा भाग २००६ मध्ये मजबूत केला. आजचं धरण आजींनी तेव्हा पाहिलेल्या धरणापेक्षा जाड आणि दणकट आहे.

लोक पानशेतची आठवण काढतात, १२ जुलै १९६१ ची. पानशेत मातीचं होतं. मातीच्या धरणावरून किंवा पोटातून पाणी गेलं की ते माती घेऊन जातं. कोयना स्वतःच्या वजनावर उभी आहे. मला विचाराल तर माझा जीव मोठ्या धरणांपेक्षा लहान मातीच्या धरणांत जास्त अडकतो. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं आणि वाडी वाहून गेली. मोठ्या धरणाला यंत्रं असतात, माणसं असतात, वर्तमानपत्राचं लक्ष असतं. लहानाला कुठं उंदरा-घुशीचं बीळ आहे, कुठं झाड वाढलंय, हे गावानंच बघावं लागतं.


दगडधोंडे | मंगळवार, रात्री ९.१०

भूगोल शिकवतो, त्या निमित्तानं कोयनेच्या हादऱ्यांवर बरंच वाचलंय. दोन ओळी.

१९६२ नंतर जलाशयात पाणी साठू लागलं आणि हादरे सुरू झाले. तोवर दख्खनचं पठार म्हणजे शांत भाग अशी समजूत होती. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण आपलंच आहे. पाण्याचं नुसतं वजन जमीन हलवतं असं नाही. खडकाच्या भेगांमधून पाणी खोल जातं, भेगांतला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक घसरायला मोकळा होतो. ताण निसर्गाचा, पाणी निमित्त. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांच्या अभ्यासात एक गोष्ट दिसली: पातळी आठवड्याला बारा मीटर किंवा त्याहून वेगानं चढली, तर पाचच्या वरचा भूकंप व्हायची परिस्थिती तयार होते. होतोच असं नाही. पण म्हणजे कृष्णाकाठ यांच्या रकान्याला आणखी एक कारण मिळालं. किती भरलं याच्याइतकंच किती वेगानं भरलं हे महत्त्वाचं.

हा अभ्यास अजून चालू आहे. गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय, आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.


चिपळूणची_लेक | बुधवार, सकाळी १०.३०

सगळे कृष्णेबद्दलच बोलताय, म्हणून लिहिते. डोंगराच्या या बाजूलाही माणसं राहतात.

पोफळी-अलोऱ्याचं वापरून झालेलं पाणी, आम्ही अवजल म्हणतो, ते वाशिष्ठीत येतं आणि समुद्राला जातं. उन्हाळ्यात नदी वाहती राहते ती त्याच्या जिवावर. संच बंद राहिले की नदी अशी बसते की पात्रातले दगड मोजावेत, आणि नळाचं पाणी तुटतं. तेव्हा वीजनिर्मितीचं वेळापत्रक हे आमच्या हंड्याचंही वेळापत्रक आहे.

आणि २२ जुलै २०२१. पहाटे आईनं मला उठवलं तेव्हा पहिल्या पायरीवर पाणी होतं. भाकरीचं पीठ आणि कागदपत्रांची पिशवी वर नेईपर्यंत ओटा बुडाला. पाऊस प्रचंड होता, भरती होती, नदी गाळानं भरलेली होती. कोळकेवाडीतून किती सुटलं यावर तेव्हा खूप वाद झाला, मला त्यात शिरायचं नाही. पण वरची माणसं म्हणतात ‘जास्त वीज करा, म्हणजे धरणात जागा होईल’, तेव्हा लक्षात ठेवा की ते पाणी आमच्या अंगणातून जातं. कोळकेवाडी लहान आहे, सव्वा टीएमसीची. ती फार काही पोटात घेऊ शकत नाही.


पोफळीकर | बुधवार, सकाळी ११.१५

ताई, अगदी बरोबर. माझाही अनुभव तोच. शिवाय सगळे संच पूर्ण ताकदीनं चालवले तरी पश्चिमेला दिवसाला टीएमसी-सव्वा टीएमसीच जातं. एक लाखाच्या आवकेपुढे ते काहीच नाही. पूर पश्चिमेला ढकलून सुटका नाही.


कांदाटी | बुधवार, रात्री १०.५०

इतकं सगळं वाचलं. टीएमसी, मेगावॅट. आमचं गाव त्या टीएमसीत आहे.

मी जन्मलो रायगड जिल्ह्यातल्या पुनर्वसनात. आजोबा मूळचे बामणोलीच्या वरच्या अंगाचे. मे महिन्यात पाणी उतरलं की ते आम्हाला लाँचनं न्यायचे. चिखल वाळून भेगाळलेला असायचा. त्यात देवळाचा चौथरा, जात्याची तळी, एका घराची उंबऱ्याची फळी, दगडासारखी काळी झालेली. आजोबा उंबऱ्याच्या या बाजूला चप्पल काढायचे. घर नव्हतं, भिंत नव्हती, तरी काढायचे.

दिलेल्या जमिनीच्या कागदासाठी वडिलांच्या किती खेपा झाल्या, ते मोजणं त्यांनी सोडून दिलं. खोऱ्यातली किती तरी कुटुंबं आजही आंदोलनाला बसतात, साठ वर्षांनंतर. विजेबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या मुलीचा अभ्यास त्याच उजेडात होतो. पण जलाशयाचा आकडा लिहाल तेव्हा मनात एवढं असू द्या की पाणी मोकळ्या खड्ड्यात भरलेलं नाही.


नवखी | गुरुवार, सकाळी ८.००

कांदाटी काका, काल रात्री आजीला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्या गावातून तिच्या माहेरी तांदूळ यायचा.

गॅलरीतला काका, भिंत जाड केल्याचं तिला सांगितलं. व्हिडिओ पुसायला सांगितला तिनं.


गॅलरीतला | गुरुवार, सकाळी ९.२५

कृष्णाकाठ, तुमच्या मागणीला कायद्याचा आधार आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी बंधनकारक आहे, मोठा पूर किंवा भूकंप झाला तर वेगळी पाहणी, आणि कायद्यात बसणाऱ्या प्रत्येक धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा. कुठलं गाव किती पाण्यात जाईल, निरोप कुणी कुणाला द्यायचा, लोक कुठं हलवायचे, हे त्यात असायला हवं. ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा. आराखड्यात आपलं गाव आहे का. दरवाजे उचलायच्या किती तास आधी निरोप येणार. आणि तो येणार कुणाच्या फोनवर, नाव आणि हुद्द्यासकट.


कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९.४०

लिहून घेतलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतो.

दरम्यान शाळेतल्या मुलांना घेऊन आज एक काम केलं. घाटावरच्या खांबाला रंग दिला, फुटाफुटाच्या रेषा मारल्या आणि शेजारी आयर्विन पुलाचे फूट लिहिले: तिथं ४० झाले की आपल्याकडे पाणी साधारण कुठं येतं, ४५ ला कुठं. हे जुन्या माणसांना विचारून ठरवलं, दोघांचं एका पायरीवरून अर्धा तास भांडण झालं. मंदिराच्या फळ्यावर रोज सकाळी तीन आकडे लिहायचे ठरलंय: साठा, रिकामी जागा, आवक. भागाकार सातवीतली पोरं करतात. आज त्यांचं उत्तर पहिल्या झटक्यात चुकलं, टीएमसीचे क्युसेक करताना एक शून्य राहिलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

चिपळूणच्या ताई, तुमच्याकडचा कोळकेवाडीचा आकडा रोज मिळेल का? फळ्यावर चौथी ओळ मोकळी ठेवली आहे.


चिपळूणची_लेक | गुरुवार, रात्री १०.०५

मिळेल. सकाळी आठपर्यंत टाकते.